सुभेदारांचा भीमराव आणि पलटणीची वाट

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. तेथे औद्योगिक वसाहत आहे, औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची जागाही आहे. रस्त्याच्या पलीकडे मात्र तीच जुनी कोरडवाहू शेती, कपाशी, तूर आणि सोयाबीन. कारखान्यातली कंत्राटी नोकरी आणि पावसावर अवलंबून असलेले वावर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या वऱ्हाडी तरुणाला सैन्यभरती हा तिसरा मार्ग नेहमीच खुणावत आला. जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' योजना जाहीर झाली आणि या मार्गाचेही गणित बदलले. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम नेमणूक. उरलेल्यांनी पुढे काय करायचे, हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला.

हा प्रश्न आज नवा वाटत असला तरी महाराष्ट्रातील एका घराण्याने तो तीन पिढ्या सोसला आहे. ते घराणे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. घटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, धर्मांतराचे प्रवर्तक म्हणून त्यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. अमरावतीच्या इर्विन चौकात १४ एप्रिलला लोटणाऱ्या गर्दीतील प्रत्येकाला त्यातील महत्त्वाच्या तारखा पाठ असतात. सैनिकाच्या घरात जन्मलेले, स्वतः काही दिवस लष्करी नोकरीत गेलेले आणि पुढे हजारो तरुणांना सैन्यात जाण्याचा सल्ला देणारे बाबासाहेब मात्र त्या मानाने कमी परिचित आहेत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम पाहत होते. आई भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे. त्यांचे वडील आणि चुलतेही सैन्यात सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात एवढे हुद्दे एका नातेगोत्यात असणे ही त्या काळात साधी बाब नव्हती.

गावात जो माणूस सावलीलाही नको होता, तो छावणीत गणवेश चढवून परेडला उभा राहत असे. कवायतीच्या मैदानावर त्याच्या हुकमाने शिपाई हालत असत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षण. कंपनीच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते. बाहेर ज्यांना शाळेच्या पायरीवर बसण्याचीही परवानगी नव्हती, त्यांच्या घरांत पलटणीमुळे पाटी-पेन्सिल आली. रामजींचे मराठी-इंग्रजीवरचे प्रभुत्व, पोथ्यांचे वाचन आणि मुलांच्या अभ्यासाचा ध्यास हे सारे याच सक्तीचे फळ. पगार आणि पेन्शन याखेरीज सैन्याने या समाजाला जे दिले, त्याची मोजदाद रुपयांत करता येणार नाही.

परंतु भीमराव रांगत होते, त्याच सुमारास हा दरवाजा बंद होत होता. १८५७ नंतर इंग्रजांचे भरतीचे धोरण पालटू लागले. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, म्हणजे १८८५ ते १८९३ या काळात, काही जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या लढण्यास नालायक हा सिद्धान्त सैन्यात रुजला. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबवण्यात आली. ज्यांच्या पूर्वजांची नावे १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावच्या स्तंभावर कोरली गेली होती, त्यांनाच सैन्यात येण्यास अयोग्य ठरवण्यात आले. सरकारच्या दृष्टीने हा एक आदेश होता. कोकणातल्या आणि देशावरच्या शेकडो घरांच्या दृष्टीने मात्र तो पुढच्या पिढीच्या भाकरीचा, शाळेचा आणि मानाचा अंत होता.

या आदेशाविरुद्ध पहिली धडपड निवृत्त सैनिकांनीच केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज लिहिला. रामजी सुभेदारांनीही या कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य मागितले होते, असे चरित्रकार सांगतात. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. पलटणीसाठी रक्त सांडूनही पलटण आपली नसते, हे या समाजाला पहिल्यांदा तेव्हा कळले.

रामजींच्या घरात त्याची झळ लगेच लागली. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. दरमहा ५० रुपये पेन्शनवर मोठे कुटुंब पोसणे अवघड होते. दापोली झाली, मग सातारा जिल्ह्यात त्यांनी दुसरी नोकरी धरली. भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. सुभेदार ही पदवी नावामागे राहिली, पण मुलांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. छावणीच्या आत मिळालेली बरोबरी छावणीच्या फाटकाबाहेर टिकत नाही, हा धडा भीमरावांनी याच वयात घेतला. पुढच्या साऱ्या आयुष्यात तो त्यांच्या उपयोगी पडला.

मुंबईला परळच्या चाळीतील एका खोलीत शिकून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे काय, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होताच. मुंबईसारख्या शहरात पदवीधर तरुणाला कोठेतरी चिकटता आले असते. वडिलांची इच्छाही तशीच होती. बडोद्यात जातीचा जाच अधिक होईल, मुलाने तेथे जाऊ नये, असे रामजींचे मत होते. उभी हयात लष्करात काढलेल्या सुभेदाराने आपल्या मुलाला संस्थानी नोकरीपासून परावृत्त करावे, यातच त्यांचा अनुभव बोलत होता.

भीमरावांनी ऐकले नाही. ज्या संस्थानाच्या पैशावर शिक्षण झाले, त्याची चाकरी करणे हे त्यांना कर्तव्य वाटले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. घराण्यात सुभेदार पुष्कळ झाले होते. लेफ्टनंट हा पहिलाच. ही नोकरी जेमतेम पंधरवडा टिकली. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि ते मुंबईला निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचण्यास एक दिवस उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवून प्राण सोडला.

त्याच वर्षी महाराजांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याची तयारी दर्शवली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि त्यानंतर लंडन, हा भाग सर्वज्ञात आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास गेले. यावेळी त्यांना महाराजांचे लष्करी सचिव नेमण्यात आले. हुद्दा मोठा होता, पण कचेरीतील शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकत आणि पिण्याचे पाणी मिळत नसे. राहण्यास जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले, तेथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. काही आठवड्यांतच ते बडोदा सोडून मुंबईला आले. वडिलांनी चार वर्षांपूर्वी केलेले भाकीत खरे ठरले होते.

याच वर्षी सैन्याचा तो बंद दरवाजा पुन्हा किलकिला झाला होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच सरकारला महारांची आठवण झाली आणि जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. देशभर तेव्हा भरतीचा वाद रंगला होता. हिंदी तरुणांना अधिकाऱ्यांची पदे देण्याची हमी मिळाली तरच भरतीला साह्य करू, अशी अट लोकमान्य टिळकांनी घातली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असत, त्या टिळकपक्षाचा हा व्यवहारी बाणा होता. उलट गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात विनाअट भरतीसाठी गावोगाव हिंडले आणि त्यांना फारसे कोणी हाती लागले नाही. हमी मागायची की नाही, यावर देशातील दोन थोर पुढाऱ्यांचेही एकमत नव्हते. महार तरुणांना मात्र ही चैन परवडणारी नव्हती. पंचवीस वर्षांनी उघडलेल्या दारातून ते अटी न घालता आत गेले. युद्ध संपले, गरज सरली. पलटण प्रथम ७१ व्या पंजाबीत विलीन झाली आणि १९२१ मध्ये मोडलीच. ना कायम नेमणूक, ना दुसरी नोकरी. सरकारने एकाच समाजाला तीस वर्षांच्या आत दोनदा घरी पाठवले.

घरी परतलेली ही माणसे पूर्वीसारखी मात्र राहिली नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरून सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या भोवती जमलेल्यांत महायुद्ध पाहिलेले माजी सैनिकही होते. त्यांनी केवळ एका इशाऱ्याची वाट पाहिली. बाबासाहेबांनी तो दिला नाही. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ते कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देऊन आले होते, हा योगायोग खचित नाही. ज्यांनी इंग्रजांचे राज्य उभे करण्यास हात दिला, त्यांनाच इंग्रजांनी वाऱ्यावर सोडले, हा मुद्दा त्यांनी पुढे आपल्या लेखनात पुनःपुन्हा मांडला. कोरेगावच्या स्तंभाकडे पाहताना त्यांच्या मनात अभिमान होता तसाच हा हिशेबही होता.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते वऱ्हाडात आले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. परिषद सुरू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. बाबासाहेबांनी काम थांबवले नाही. वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाशी त्यांचे जे घट्ट नाते जडले, त्याची सुरुवात या परिषदेपासून धरावी लागेल.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध भडकले. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याबद्दल बाबासाहेबांनी इंग्रजांना दोष दिला, पण हिटलरचा विजय हे त्याहून मोठे संकट आहे, अशी त्यांची धारणा होती. डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी सैन्याच्या रचनेवर एक भेदक प्रकरण लिहिले. लढवय्या जाती वगैरे काही नसते, १८५७ च्या बंडात कोण कोणत्या बाजूला होते यावरून ही वर्गवारी ठरली, असे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. रामजींच्या पिढीचे अर्ज विनवणीच्या भाषेत होते. मुलाने त्याच प्रश्नाला पुराव्याचे शस्त्र लावले.

यानंतर बाबासाहेबांपुढे तो कठीण प्रश्न येऊन उभा राहिला. सरकारला पुन्हा माणसे हवी होती. आपल्या तरुणांना जा म्हणायचे की थांबा? १८९२ आणि १९२१ हे दोन्ही अनुभव समोर होते. काँग्रेसचा वैयक्तिक सत्याग्रह चालू होता आणि इंग्रजांच्या सैन्यात जाणे म्हणजे देशद्रोह, अशी हवा होती. सावरकर हिंदूंना सैन्यात शिरा म्हणत होते, पण त्यांचे कारण वेगळे होते. युद्धानंतर नोकरी टिकेल याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते, बाबासाहेबही नाही.

त्यांनी जा म्हणून सांगितले. या निर्णयाकडे इंग्रजधार्जिणेपणा म्हणून पाहणाऱ्यांनी तो देणाऱ्या माणसाच्या घराचा इतिहास लक्षात घेतलेला नाही. सैन्य हे या समाजाला दोन पिढ्यांपूर्वी शिक्षण देऊन गेलेले एकमेव खाते होते. गावकीच्या बेगारीतून सुटून रोख पगार, गणवेश आणि तांत्रिक शिक्षण मिळवण्याचा दुसरा मार्ग १९४१ च्या महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात जवळजवळ नव्हता. ज्याला घरी जमीन आहे त्याने हमी मागावी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे थांबण्याने नुकसानच होते. मात्र या वेळी त्यांनी एक फरक केला. तरुणांना निरनिराळ्या पलटणींत विखरून न जाऊ देता स्वतंत्र महार रेजिमेंट मागितली. माणसे घरी पाठवणे सरकारला सोपे असते, नाव आणि निशाण असलेली रेजिमेंट पुसून टाकणे तितके सोपे नसते, हा त्यामागील हिशेब असावा.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये कामठीला उभी राहिली आणि वऱ्हाड-नागपूरच्या तरुणांना भरतीचे ठिकाण घराजवळ आले. रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

गोष्ट येथे संपली असती तर भरतीचा सल्ला देणाऱ्या पुढाऱ्यांच्या यादीत आणखी एका नावाची भर, एवढेच तिचे मोल राहिले असते. परंतु जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाच्या कारखान्यांसाठी तंत्रशिक्षण देण्याचे काम याच खात्याकडे होते. युद्ध संपत आले तेव्हा हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या संख्येतील बहुतेक जण आता घरी जाणार होते. १९२१ ची पुनरावृत्ती, तीही कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर, डोळ्यांपुढे दिसत होती.

जुलै १९४५ मध्ये मजूर खात्यांतर्गत पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मुक्त झालेले जवान आणि युद्धकारखान्यांतून कमी झालेले कामगार यांची नोंदणी करायची, त्यांना येत असलेले काम पाहायचे, आवश्यक तेथे प्रशिक्षण द्यायचे आणि नोकरीच्या जागा कळवायच्या, हे त्याचे काम. पुढे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी बेकार तरुणांच्या रांगा लागलेले जे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज मराठी घरांत सर्वांना परिचयाचे झाले, त्याचे मूळ सैन्यातून परतणाऱ्या शिपायाच्या या काळजीत आहे. या व्यवस्थेचे सारे श्रेय एका माणसाला देणे अतिशयोक्तीचे होईल. युद्धोत्तर पुनर्रचनेचे विचार तेव्हा इंग्लंडातही चालू होते. तरीही त्या खात्याचा मंत्री सुभेदाराचा मुलगा होता, पेन्शनीत न भागल्याने दुसरी नोकरी शोधणारे वडील त्याने पाहिले होते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या कार्यालयांनी प्रत्येकाला काम मिळवून दिले, असे नाही. नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, हे पुढच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवले. पण सैन्यातून परतणाऱ्याची जबाबदारी त्याच्या घरच्यांची नसून सरकारची आहे, ही गोष्ट त्यातून मान्य झाली.

जून १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मजूर खाते सोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महार रेजिमेंटचे मशिनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि तिचे केंद्र कामठीला आले. या वेळी ती मोडली गेली नाही. फाळणीच्या रक्तपातात पंजाब सीमा दलात तिचे जवान निर्वासितांच्या रक्षणासाठी उभे होते. पुढे या रेजिमेंटची दारे सर्व जातींना खुली झाली. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे तिचे दोन अधिकारी लष्करप्रमुख झाले आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

१९४८ च्या आरंभी सेवायोजन कार्यालये केवळ माजी सैनिकांपुरती न राहता सर्व बेकारांसाठी खुली करण्यात आली. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते आणि घटनेचा मसुदा तयार करण्यात गढले होते. या मसुद्यातून आलेल्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत जात, धर्म, वंश, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातून त्या दिवशी नागपूरकडे गेलेल्या रस्त्यांपैकी एक नांदगाव पेठेवरूनच जातो. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.